स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील ‘व्हिपल’ शस्त्रक्रिया : स्वरूप, धोके आणि निर्णय

हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव रोजच्या बोलण्यात येतात. स्वादुपिंडाचे नाव मात्र बहुतेकांच्या कानावर पडते ते घरात कोणी आजारी पडल्यावरच. गोव्यात हे नाव घरोघरी पोहोचले ते तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणामुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. स्वादुपिंडाचा कर्करोग किती वेगाने माणसाला घेरतो, हे त्या तेरा महिन्यांत साऱ्या राज्याने पाहिले.

या कर्करोगातून पूर्णतः बरे होण्याची शक्यता निर्माण करणारा उपचार आजही एकच आहे आणि तो म्हणजे शस्त्रक्रिया. परंतु निदान होते त्या वेळी शंभरातील साधारण पंधरा ते वीस रुग्णच शस्त्रक्रियेच्या टप्प्यात असतात. ज्यांच्यावर ती होऊ शकते, त्यांच्यापुढेही प्रश्न असतोच. पोटाच्या शस्त्रक्रियांमध्ये ही सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते. ती कोठे करावी, तिचे धोके कोणते, त्या मोबदल्यात काय मिळेल, याचा निर्णय रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला बहुधा काही आठवड्यांतच घ्यावा लागतो. त्या निर्णयासाठी लागणारी मूलभूत माहिती येथे एकत्र दिली आहे.

अवयव आणि त्याचे शेजारी

स्वादुपिंड हा सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा, आडवा पसरलेला, चपटा अवयव आहे. तो जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून असतो. त्याच्या उजवीकडील जाड भागाला शीर्ष, मधल्या भागाला काय आणि डावीकडे प्लीहेपर्यंत जाणाऱ्या निमुळत्या भागाला पुच्छ म्हणतात. त्याची कामे दोन आहेत. अन्नातील स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ पचवणारे रस तो आतड्यात सोडतो. शिवाय रक्तातील साखर नियंत्रित ठेवणारी इन्सुलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरके तो रक्तात सोडतो.

शस्त्रक्रिया अवघड होण्याचे कारण या अवयवाच्या जागेत आहे. लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र, स्वादुपिंडाच्या शीर्षाला घोड्याच्या नालेसारखा वेढून असतो. यकृताकडून येणारी पित्तनलिका याच शीर्षातून वाट काढत आद्यांत्रात उघडते. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला आणि आतड्यांना रक्त पुरवणारी मोठी रोहिणी शीर्षाच्या अगदी लगत असतात. शीर्ष आणि आद्यांत्र यांना रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्याही सामाईक आहेत. त्यामुळे शीर्षातील गाठ तेवढी काढून बाकीचे जागच्या जागी ठेवता येत नाही. शेजारचे अवयवही सोबत काढावे लागतात.

न दुखणारी कावीळ

स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी बहुतेक शीर्षात होतात. गाठ वाढली की पित्तनलिका दाबली जाते आणि पित्त रक्तात साठू लागते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा फिकट पडतो आणि अंगाला खाज सुटते. पोटात मात्र बऱ्याचदा दुखत नाही. भूक मंदावणे, वजन घटणे, वरच्या पोटातून पाठीकडे जाणारी कळ, पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला किंवा आटोक्यात असताना एकाएकी बिघडलेला मधुमेह ही अन्य लक्षणे होत.

गोवा आणि कोकणात कावीळ म्हटली की अनेकांची पावले आधी गावठी औषधाकडे वळतात. विषाणूंमुळे होणारी कावीळ बहुधा आपोआप ओसरते, त्यामुळे त्या औषधांवरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. नलिका दाबल्यामुळे होणारी कावीळ मात्र वेगळी असते. ती ओसरत नाही, वाढत जाते. पाळापाचोळ्याच्या रसात आणि पथ्यात गेलेले सहा आठवडे या आजारात फार महाग पडू शकतात. मध्यमवयीन किंवा वृद्ध व्यक्तीला न दुखणारी कावीळ झाली, शौच फिकट होत असेल आणि खाज असेल, तर पहिल्याच आठवड्यात रक्ततपासणी व पोटाची सोनोग्राफी होणे आवश्यक आहे. पित्तनलिका फुगलेली दिसल्यास पुढचा टप्पा सीटी स्कॅनचा असतो.

शीर्षाऐवजी काय किंवा पुच्छात गाठ असेल तर कावीळ होत नाही आणि रोग अधिक उशिरा लक्षात येतो. अशा गाठींसाठी शस्त्रक्रियाही वेगळी असते. तीत स्वादुपिंडाचा डावा भाग आणि बहुधा प्लीहा काढतात. प्लीहा काढलेल्या व्यक्तीला काही जंतूंचा संसर्ग गंभीर होऊ शकतो. म्हणून न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी तिला द्याव्या लागतात.

शस्त्रक्रिया कोणावर होऊ शकते

हा निर्णय मुख्यतः स्वादुपिंडासाठी विशेष पद्धतीने केलेल्या सीटी स्कॅनवरून होतो. तज्ज्ञ त्यात दोन गोष्टी पाहतात. रोग यकृत, फुप्फुस किंवा पोटाच्या आतील आवरणापर्यंत पसरला आहे का, आणि गाठीने लगतच्या रक्तवाहिन्यांना कितपत वेढले आहे. त्यावरून रुग्णांचे चार गट पडतात.

पहिल्या गटात गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांपासून मोकळी असते आणि थेट शस्त्रक्रिया शक्य असते. दुसऱ्या, सीमारेषेवरच्या गटात ती वाहिन्यांना थोडीफार चिकटलेली असते. येथे सहसा आधी काही महिने रसायनोपचार देऊन गाठीचा प्रतिसाद पाहतात आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करतात. तिसऱ्या गटात गाठीने मुख्य रोहिण्यांना पुरते वेढलेले असते. चौथ्यात रोग दूरच्या अवयवांत पोहोचलेला असतो. या चौथ्या गटात मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही. उलट ती केल्यास रसायनोपचाराला विलंब होतो आणि उरलेला काळ रुग्णालयात जातो.

‘सीए १९-९’ ही रक्ततपासणी उपयोगी आहे, पण एकट्या तिच्यावर निदान ठरत नाही. कावीळ असतानाही तिचा आकडा वाढतो, तर काही व्यक्तींच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही. गाठीचा तुकडा तपासण्याबाबतही नातेवाइकांचा गोंधळ होतो. आधी रसायनोपचार द्यायचे असतील तर तुकड्याची तपासणी अनिवार्य असते. स्कॅनचे चित्र स्पष्ट असेल आणि थेट शस्त्रक्रिया करायची असेल, तर तिची सक्ती नसते. अशा वेळी काढलेली गाठ कर्करोगाची नव्हती, असे काही थोड्या रुग्णांत नंतर आढळते. ही शक्यता संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्यावी.

स्वादुपिंडातील प्रत्येक गाठ एकाच जातीची नसते, हेही लक्षात ठेवायला हवे. ‘अ‍ॅपल’चे संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांना २००३ मध्ये निदान झालेली गाठ संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची, तुलनेने संथ वाढणारी होती. २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर ते आणखी सात वर्षे जगले. पित्तनलिका आद्यांत्रात उघडते त्या मुखाशी होणाऱ्या कर्करोगाचे भवितव्यही नेहमीच्या स्वादुपिंड कर्करोगापेक्षा बरे असते. शस्त्रक्रिया मात्र या सर्वांत बहुधा तीच असते.

नव्वद वर्षांचा प्रवास

या शस्त्रक्रियेला अमेरिकी शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल यांचे नाव मिळाले असले, तरी पहिला प्रयत्न त्यांचा नव्हता. इटलीत अलेसांद्रो कोदिव्हिला यांनी १८९८ मध्ये आणि जर्मनीत वाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये या दिशेने पावले टाकली होती. व्हिपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये न्यूयॉर्कमधील तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि या शस्त्रक्रियेकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

त्या काळी ती दोन टप्प्यांत केली जाई. पित्त आतड्यात पोहोचले नाही की ‘के’ जीवनसत्त्व शरीरात शोषले जात नाही आणि त्याअभावी रक्त गोठत नाही. काविळीच्या रुग्णाला कापणे म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण होते. म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची, कावीळ उतरू द्यायची आणि काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा पोट उघडून गाठ काढायची, असा क्रम होता. ‘के’ जीवनसत्त्व औषध म्हणून हाती आल्यावर ही अडचण दूर झाली. १९४० मध्ये व्हिपल यांनी जठराचा कर्करोग समजून एका रुग्णाचे पोट उघडले. गाठ स्वादुपिंडाची निघाली आणि कावीळ नसल्याने त्यांनी सारी शस्त्रक्रिया एकाच बैठकीत पूर्ण केली. आजही कावीळ झालेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात.

तरीही पुढची कित्येक दशके ही शस्त्रक्रिया भीतिदायकच राहिली. १९६० आणि १९७०च्या दशकांत अनेक ठिकाणी चारपैकी एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावत असे. ती सोडूनच द्यावी, असे मत काही नामवंत शल्यविशारदांनी मांडले होते. १९८०नंतर चित्र पालटले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने १९९३ मध्ये सलग १४५ शस्त्रक्रिया एकाही मृत्यूविना पार पडल्याचे प्रसिद्ध केले. आज अनुभवी केंद्रांत मृत्यूचे प्रमाण शंभरात एक ते तीन, फार तर पाच इतके असते.

नेमके काय केले जाते

शस्त्रक्रिया साधारण पाच ते आठ तास चालते. बऱ्याच ठिकाणी प्रथम दुर्बिणीतून पोटाचा अंतर्भाग पाहतात. स्कॅनवर न दिसलेले बारीक कण यकृतावर किंवा आवरणावर आढळले, तर मोठी शस्त्रक्रिया न करताच थांबतात. भूल उतरल्यावर गाठ काढलीच नाही असे समजणे रुग्णाला आणि घरच्यांना फार जड जाते. म्हणून ही शक्यता आधीच सांगितली गेली पाहिजे.

पुढे जाण्याचे ठरल्यास स्वादुपिंडाचे शीर्ष, संपूर्ण आद्यांत्र, त्याला लागून असलेल्या लहान आतड्याचा थोडा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि आसपासच्या लसिकाग्रंथी एकत्रित काढतात. काही वेळा जठराचा खालचा भागही काढतात. तो राखण्याची पद्धत १९७८ मध्ये ट्रॅव्हर्सो आणि लाँगमायर यांनी रूढ केली. आज दोन्ही पद्धती वापरात आहेत. गाठ नीलेला चिकटलेली असेल, तर तिचा तेवढा तुकडा कापून टोके पुन्हा जोडण्याचे कामही अनुभवी केंद्रांत होते.

काढण्यापेक्षा जोडणे अधिक कसोटीचे असते. लहान आतड्याचे टोक वर आणून त्याला तीन जोड द्यावे लागतात. पहिला उरलेल्या स्वादुपिंडाचा, दुसरा पित्तनलिकेचा आणि तिसरा जठराचा. यांतील पहिला जोड सर्वांत नाजूक असतो.

अलीकडे ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून आणि रोबोटच्या साहाय्यानेही होते. लहान छेद आणि कमी वेदना हे तिचे आकर्षण आहे. तथापि नेदरलँड्समध्ये दुर्बिणीची आणि खुली शस्त्रक्रिया यांची तुलना करणारी चाचणी दुर्बिणीच्या गटात अधिक मृत्यू झाल्याने मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत हे प्रमाण १० टक्के विरुद्ध २ टक्के होते. छेद लहान की मोठा यापेक्षा ती पद्धत त्या शल्यविशारदाच्या हातात कितपत बसली आहे, हे पाहणे श्रेयस्कर.

धोके कोणते

मृत्यूचे प्रमाण घटले असले, तरी गुंतागुंतीचे प्रमाण फारसे घटलेले नाही. उत्तम केंद्रांतही शंभरातील चाळीस ते पन्नास रुग्णांना लहान-मोठी काही ना काही गुंतागुंत होते. फरक पडतो तो ती वेळेत ओळखण्यात आणि सावरण्यात.

जोडातून गळती : स्वादुपिंडाचा रस स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने पचवण्यासाठी असतो. जोड सैल पडून तो पोटात गळला, तर आजूबाजूच्या पेशींना इजा करू लागतो. यासाठीच पोटात निचऱ्याच्या नळ्या ठेवतात. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर नळीतील द्रवात अ‍ॅमिलेज या पाचक घटकाचे प्रमाण रक्तातील सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक आढळले, तर गळतीची शंका धरतात. अनेकदा ती केवळ तपासणीत दिसते आणि रुग्णाला त्रास होत नाही. काहींना मात्र नळी आठवडेच्या आठवडे ठेवावी लागते, प्रतिजैविके द्यावी लागतात, क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. येथे एक विरोधाभास आहे. ज्याची ग्रंथी मऊ आणि नलिका बारीक, म्हणजे जवळजवळ निरोगी, त्याच्यात गळतीचा धोका अधिक असतो. कर्करोगाने नलिका तुंबून घट्ट झालेल्या ग्रंथीत टाके चांगले बसतात.

रक्तस्राव : पहिल्या चोवीस तासांतील रक्तस्राव बहुधा टाक्यांशी निगडित असतो. त्याहून घातक असतो तो काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी होणारा. गळलेल्या रसाने रोहिणीची भिंत झिजते आणि तेथे फुगवटा येतो. तो फुटण्यापूर्वी बऱ्याचदा नळीतून किंवा शौचावाटे थोडेसे रक्त जाऊन थांबते. हा इशारा असतो. अशा वेळी तातडीने स्कॅन करून रोहिणीत नळी घालून रक्तस्राव बंद करता येतो. ही सोय चोवीस तास उपलब्ध असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

जठर उशिरा रिकामे होणे : ही वारंवार आढळणारी अडचण आहे. खाल्लेले पुढे सरकत नाही, पोट भरल्यासारखे वाटते, उलट्या होतात. नाकातून घातलेली नळी काही दिवस ठेवावी लागते. जीवाला सहसा धोका नसतो, पण रुग्णालयातला मुक्काम लांबतो आणि घरच्यांचा धीर सुटतो.

यांखेरीज जखमेत किंवा पोटात जंतुसंसर्ग, पित्ताची गळती, न्यूमोनिया, पायातील नीलेत रक्ताची गुठळी, हृदयावर ताण हे मोठ्या शस्त्रक्रियेचे नेहमीचे धोकेही असतातच.

रुग्णालयाच्या अनुभवाचे मोल

या शस्त्रक्रियेच्या बाबतीत केवळ डॉक्टरांचे नाव पाहून भागत नाही. रुग्णालयात ती वर्षाला किती वेळा होते, हा आकडा जीवनमरणाशी जोडलेला आहे. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदींवर आधारित, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे ठळकपणे दिसले. जेथे अशी शस्त्रक्रिया सरासरी वर्षाला एकदाही होत नसे, तेथे मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते. जेथे ती वर्षाला १६ हून अधिक वेळा होई, तेथे ते ३.८ टक्के होते. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातील परिचारिका, रात्री-अपरात्री रोहिणीतील रक्तस्राव थांबवणारे क्ष-किरणतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ या साऱ्यांचा मिळून तो अनुभव असतो.

गोवा, बेळगाव किंवा सिंधुदुर्गातील कुटुंबाला यामुळे घरापासून दूर जाण्याचा विचार करावा लागू शकतो. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय हे या शस्त्रक्रियेच्या अनुभवासाठी देशात अग्रगण्य मानले जाते. दूर जाण्यात खर्च, राहण्याची सोय आणि सोबतीला माणूस हे प्रश्न येतात. मुक्काम दोन आठवड्यांचा गृहीत धरला, तरी गुंतागुंत झाल्यास तो महिन्यावर जाऊ शकतो. गोव्यातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, केंद्राची आयुष्मान भारत योजना किंवा खासगी विमा यांतून कोणता खर्च, कोणत्या रुग्णालयात आणि किती मर्यादेपर्यंत मिळेल, याची लेखी खातरजमा दाखल होण्यापूर्वीच करावी.

शस्त्रक्रियेपूर्वी

कावीळ दिसली की पित्तनलिकेत लगेच स्टेंट बसवून घ्यावा, असा अनेकांचा समज असतो. नेदरलँड्समध्येच झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम प्रमाणात कावीळ असलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत गंभीर गुंतागुंत ३९ टक्के, तर आधी स्टेंट घालून नंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ७४ टक्के आढळली. मात्र कावीळ फार वाढलेली असेल, ताप-थंडी वाजून पित्तमार्गात संसर्ग झाला असेल किंवा आधी रसायनोपचार द्यायचे असतील, तर स्टेंट आवश्यक असतो. तो शक्यतो सीटी स्कॅन झाल्यानंतरच बसवावा, कारण स्टेंटमुळे स्कॅनचे चित्र धूसर होते.

तंबाखू आणि धूम्रपान त्वरित बंद करणे, साखर आटोक्यात आणणे, प्रथिनयुक्त आहार वाढवणे, रोज चालणे आणि श्वसनाचे व्यायाम ही तयारी रुग्णाच्या हातची आहे. केवळ वय अधिक म्हणून शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. हृदय, फुप्फुसे आणि एकंदर ताकद पाहून निर्णय होतो.

घरी परतल्यावर

अंगातील शक्ती परत येण्यास दोन-तीन महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. एका वेळी पोटभर जेवण जमत नाही. दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे लागते. मऊ भात, पेज, अंडी, मासळी, डाळ असे पचायला सोपे आणि प्रथिने देणारे अन्न उपयोगी पडते.

उरलेले स्वादुपिंड पुरेसा पाचकरस तयार करत नसेल, तर शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारे होते आणि वजन घटत राहते. यासाठी पाचक घटकांच्या कॅप्सूल मिळतात. त्या उपाशीपोटी नव्हे, तर जेवणाच्या पहिल्या घासासोबत आणि जेवणादरम्यान घ्याव्या लागतात. डोस जेवणातील स्निग्धांशानुसार बदलतो. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार होतात. धार्मिक कारणाने ज्यांना अडचण वाटेल त्यांनी ती मनात न ठेवता डॉक्टरांशी बोलावे. गुपचूप औषध बंद केल्यास कुपोषण ठरलेले असते. काही रुग्णांना नव्याने मधुमेह होतो, आधीचा असल्यास इन्सुलिनची गरज लागू शकते.

ताप, डोळे पुन्हा पिवळे होणे, सतत उलट्या, पोटात वाढती वेदना, काळे शौच किंवा रक्त पडणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

गाठ निघाली, पुढे काय

काढलेल्या भागाच्या अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात. कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत का, किती लसिकाग्रंथी तपासल्या आणि त्यांपैकी किती बाधित निघाल्या, आणि गाठ कोणत्या जातीची आहे. कडा स्वच्छ असल्या तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी शरीरात असू शकतात. त्यामुळे स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार हा उपचाराचाच भाग मानला जातो. ते शक्यतो बारा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत आणि पूर्ण व्हावेत, अशी अपेक्षा असते.

फ्रान्स आणि कॅनडात झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने येथे मोठा बदल घडवला. चार औषधांचा एकत्रित उपचार झालेल्या गटात मध्यम जीवनकाल ५४.४ महिने, तर जेमसिटॅबिन या एकाच औषधाच्या गटात ३५ महिने होता. पुढील पाठपुराव्यात पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४३.२ आणि ३१.४ टक्के आढळले. हे आकडे शस्त्रक्रियेनंतर चांगले सावरलेल्या, निवडक रुग्णांचे आहेत. प्रत्येकाला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. गाठ काढल्यानंतरही बहुसंख्य रुग्णांत रोग कधी ना कधी परततो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत आणि बऱ्याचदा यकृतात. म्हणून नियमित तपासण्या चुकवता येत नाहीत.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. गाठ कोणत्या गटात मोडते? स्कॅन एकाहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र बसून पाहिला आहे का?
२. येथे अशा किती शस्त्रक्रिया वर्षाला होतात आणि त्यांचे निकाल काय आहेत?
३. आधी रसायनोपचार की आधी शस्त्रक्रिया, आणि का?
४. रात्री रक्तस्राव झाल्यास तो थांबवण्याची सोय येथेच आहे का?
५. पोट उघडल्यावर गाठ काढता आली नाही, तर काय कराल?
६. घरी गेल्यावर अडचण आल्यास कोणाशी संपर्क साधायचा?

असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. अनुभवी शल्यविशारद त्यांची उत्तरे देण्यास तयार असतात. दुसरे मत घेण्यातही संकोच नसावा. त्यासाठी आठ-दहा दिवस गेल्यास सहसा नुकसान होत नाही. महिना-दोन महिने गेल्यास मात्र होऊ शकते.

हे सारे बोलणे रुग्णासमोर व्हावे. ‘त्यांना काही सांगू नका’ असे डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. त्यामागे मायाच असते. परंतु पोट ज्याचे उघडले जाणार आणि महिनोन्‌महिने सोसायचे ज्याला, त्याचीच संमती अर्धवट माहितीवर घेतली जाते. किती सांगावे आणि कसे सांगावे, हे रुग्णालाच विचारता येते.

शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा रुग्णाने ती नको म्हटले, तर उपचार संपत नाहीत. स्टेंटने कावीळ उतरवता येते, खाज थांबते. पोटामागील मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदना कमी करता येते. रसायनोपचाराने काही महिने, कधी त्याहून अधिक काळ मिळतो. वेदनाशामक उपचारांचे पथक पहिल्या दिवसापासून सोबत असले, तर तो काळ घरी, आपल्या माणसांत आणि कमी यातनांत जाऊ शकतो.